लंबूच्या तीन काचा

१

सोमवारी सकाळी काळोख्या खोलीतला डबा उघडला तेव्हा लंबूच्या तिन्ही काचा जागच्या जागी होत्या. एकही फुटली नव्हती, एकीवरही ओरखडा नव्हता. यंत्राखाली ठेवल्यावर कळलं, की तिन्ही मेल्या आहेत.

"मेली" हा त्या प्रयोगशाळेतला नेहमीचा शब्द. काच बिघडली की ती मेली. पण त्या सकाळी तो शब्द कुणाच्याच तोंडातून निघेना, कारण ज्यानं त्या काचा केल्या तो स्वतः सात आठवड्यांपूर्वी गेला होता. एकोणतीस वर्षांचा पोरगा. ताप मेंदूत चढला आणि नऊ दिवसांत सगळं आटोपलं. दारातून वाकून आत यावं लागे म्हणून सगळे त्याला लंबू म्हणत.

सरांनी बाईंना फोन केला. बाई म्हणजे याच इमारतीत चौतीस वर्षं प्रकाशशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या; सर त्यांचेच विद्यार्थी. आता बाईंचे गुडघे जिन्याला कुरकुरत, तरी साडेदहाला त्या तिसऱ्या मजल्यावर हजर होत्या.

"बाई, बुधवारी बाहेरचे परीक्षक येतायत," सर म्हणाले. "त्यांच्या डोळ्यांदेखत एकदा मोजमाप करून दाखवलं, की लंबूला मरणोत्तर पीएचडी द्यायची असं ठरलं होतं. आता दाखवू काय?"

"आणि मला कशाला बोलावलंस?"

सरांनी किल्ल्यांचं रजिस्टर पुढे केलं. शनिवारी दुपारी दोन ते पाच काळोख्या खोलीची किल्ली एकाच माणसाच्या सहीनं बाहेर गेली होती. लंबूच्या शेजारच्या टेबलावर बसणारा, जाड भिंगांचा, सगळ्यांचा चष्मिस. पेपरवर कुणाचं नाव आधी यावं, यावरून लंबू जाण्याआधी दोघांत दोन महिने अबोला होता, हे अख्ख्या मजल्याला ठाऊक होतं.

"तो काय म्हणतो?"

"काहीच नाही. हेच तर. मी केलं असंही म्हणत नाही, नाही केलं असंही म्हणत नाही. बुधवारी मला त्याचं नाव शिस्तसमितीकडे द्यावं लागेल. एकदा दिलं की त्याला कुठलीच प्रयोगशाळा दारात उभं करणार नाही." सरांनी रजिस्टर मिटलं. "एक पोरगा गेला, बाई. दुसरा माझ्या हातानं घालवायचा नाहीये."

२

काचांमध्ये काय होतं, ते बाईंना समजावून सांगायची गरज नव्हती; पण एखादी गोष्ट पहिल्यापासून ऐकायची त्यांची जुनी सवय होती. म्हणून त्यांनी लंबूची वरिष्ठ सहकारी, जिला सगळे थोरली म्हणत, तिला समोर बसवलं आणि शाळेतल्या मुलीला सांगतेस तसं सांग म्हणाल्या.

थोरलीनं सांगितलं. काचेवर सोन्याचा पातळ मुलामा. त्यावर रेणूंचा एकच थर, सतरंजीसारखा अंथरलेला. त्यावर सोन्याचे बारीक कण. कण आणि मुलामा यांच्यात फट राहते ती इतकी अरुंद, की डोक्याच्या केसाचे ऐंशी हजार उभे काप केले तर त्यातल्या एखाद-दोन कापांएवढी. प्रकाश त्या फटीत शिरला की दाटीवाटीनं कोंडला जातो आणि शेकडो पटींनी तीव्र होतो. मग त्या फटीतल्या रेणूला प्रकाशाच्या एका रंगानं सरळ करायचं, दुसऱ्या रंगानं वाकवायचं. पाहिजे तेव्हा, पाहिजे तितका.

"आणि भरउन्हात धरलं तर?"

"मग संपलंच. कापड उन्हात विटायला वर्ष लागतं. इथं फट प्रकाश कोंडते, त्यामुळे रेणू काही मिनिटांत तुटतात. तिन्ही काचांचं तेच झालंय."

बाईंनी विचारलं, नव्या का करत नाही. त्यावर थोरली कडवट हसली. लंबूच्या वहीत सगळं होतं म्हणाली; द्रावण किती, पाणी कितीदा गाळलं, खोलीचं तापमान दशांश चिन्हापुढे दोन घरं. फक्त काच रेणूंच्या द्रावणात किती वेळ बुडवायची, तिथं प्रत्येक पानावर दोनच शब्द. बुडवली. काढली. असल्या काचा रात्रभर भिजवायच्या असतात हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही माहीत. म्हणून त्यानं लिहिलं नसेल, असं सगळ्यांनी धरलं. थोरलीनं तो गेल्यावर अकरा काचा केल्या. रात्रभर भिजवून, दोन रात्री भिजवून, चार तास भिजवून. अकराही मेलेल्या जन्मल्या.

"तुझी पद्धत वेगळी होती ना?" बाईंनी सहज विचारावं तसं विचारलं.

थोरलीचा चेहरा उतरला. हो म्हणाली. त्याच्या काचा खऱ्या ठरल्या तर तिची तीन वर्षं पाण्यात जाणार होती, हेही तिनं स्वतःच सांगितलं. "लोक काय म्हणत असतील ते मला कळतं, बाई. पण मी त्याच्यावर चिडायची ती तो असताना. आता कुणावर चिडू?"

मग चष्मिसची पाळी आली. बाईंनी तऱ्हेतऱ्हेनं विचारलं. शनिवारी तू आत होतास? होतो. एकटा? त्यानं चष्मा काढून पुसला, परत लावला, परत काढला. "मीच होतो, बाई. लिहा तसं."

खोटं बोलताना मुलं हमखास हाताला काहीतरी काम देतात, हे चौतीस वर्षांत बाईंनी हजारदा पाहिलं होतं.

३

दुपारी बाईंनी काचांचे नकाशे मागवले. यंत्र काचेवर ठिपक्याठिपक्यानं फिरतं आणि कुठे रेणू जिवंत, कुठे मेले ते पडद्यावर रंगवतं. जिवंत तिथं तांबूस, मेलेलं तिथं काळं. सकाळी मधोमधचे चार ठिपके पाहून सगळ्यांनी कपाळाला हात लावला होता. कडेपर्यंत कुणी गेलंच नव्हतं. बाई म्हणाल्या, मला सगळी काच बघायची आहे. कितीही वेळ लागू दे.

दोन तास लागले. पडदा काळाच राहिला, आणि मग डाव्या टोकाला एक तांबूस लंबगोल उगवला. नंतर उजव्या टोकाला दुसरा. दुसऱ्या काचेवर तसेच दोन. तिसरीवरही.

"हे काय?" सर पुढे सरकले.

"सावल्या," बाई म्हणाल्या. "तू चिमट्यानं काच कुठे धरतोस?"

सरांनी दाखवलं. एका कोपऱ्यात सोन्याविना कोरी पट्टी सोडलेली असते, तीच धरायची. हातमोजे घालून, एका हातानं. सोन्याला बोट लावणं म्हणजे इथं पाप. पहिल्याच दिवशी शिकवतात, आणि पुढे झोपेतसुद्धा कुणी चुकत नाही.

"मग हे अंगठे कुणाचे? दोन्ही हातांनी, दोन्ही टोकांना. आपण एखादा फोटो उजेडात धरून बघतो तसं धरलंय कुणीतरी. अंगठ्यांखाली ऊन पोचलं नाही, तेवढेच रेणू वाचले."

सरांनी हळूच आपला अंगठा पडद्यावरच्या लंबगोलाजवळ नेला. मापपट्टी बाजूलाच होती. लंबगोल बराच लहान होता. चष्मिसचा अंगठा तर सरांहून मोठा.

सरांची नजर नकळत दाराकडे गेली. तिथं थोरली उभी होती, आणि तिचे हात लहानसर, नाजूक होते.

४

थोरलीनं तो दृष्टिक्षेप ओळखला आणि निघून गेली. सर मागे जायला लागले तशी बाईंनी त्यांना थांबवलं.

"अरे, बस. जिला काच मारायची आहे ती चिमट्यानं उचलून खिडकीत ठेवील, नाहीतर सरळ फरशीवर टाकील. दोन्ही हातांत धरून बघत कशाला बसेल? हे करणाऱ्याला काच मारायची नव्हती. बघायची होती. आणि कशी धरतात ते त्या माणसाला ठाऊक नव्हतं."

"म्हणजे बाहेरचं कुणीतरी? पण डबा कुठे असतो ते बाहेरच्याला कसं कळणार? लंबू तर काचा बिस्किटांच्या डब्यात ठेवायचा."

त्या उठून काळोख्या खोलीच्या बाहेरच्या भागात गेल्या. तिथं काचेची भांडी करणारे आणि दुरुस्त करणारे काचमामा बसले होते. प्रयोगशाळेत ते सगळ्यांत जुने. येणाऱ्याजाणाऱ्या पोरांचे मामा.

मामांनी लंबूचं टेबल अजून आवरलेलं नव्हतं. हात धजत नाही म्हणाले. त्याचं स्टूल होतं, वर गजराचं छोटं घड्याळ होतं, खुंटीवर त्याचा अ‍ॅप्रन होता. बाईंनी अ‍ॅप्रनला हात लावला.

"याचं एक बटण दोन वर्षं नव्हतं बघा," मामा सांगू लागले. "कागदाची क्लिप लावून हिंडायचा. मी म्हणायचो, अरे, फटीत प्रकाश कोंडतोस आणि एवढी एक फट बुजवता येत नाही तुला? तर म्हणायचा, मामा, ही फट फार मोठी पडते, माझ्या क्षेत्राबाहेरची आहे."

मामा हसले, आणि हसता हसता त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

बाई मात्र बटणं मोजत होत्या. एकही कमी नव्हतं. वरून तिसरं बटण बाकीच्यांहून जरा पिवळट होतं आणि निळ्या दोऱ्यानं लावलेलं. खाली दोऱ्याचे वेढे देऊन देठ केलेला, म्हणजे लावणारा हात मुरलेला. क्लिप खिशात नीट ठेवलेली.

"मामा, क्लिप शेवटची कधी पाहिलीत?"

"शुक्रवारी. धूळ झटकायला काढला होता ना मी. तेव्हा होती की." त्यांनी जवळ येऊन पाहिलं. "हे कुणी केलं?"

मेलेल्या माणसाच्या अ‍ॅप्रनला बटण कोण लावतं? बाईंना उत्तर शोधावं लागलं नाही.

५

चष्मिसला त्यांनी जिन्यात गाठलं. समोर न बसता त्या त्याच्या शेजारी पायरीवर बसल्या.

"शनिवारी त्याची आई आली होती," बाई म्हणाल्या. "तू दार उघडून दिलंस."

त्यानं नाही म्हणायला तोंड उघडलं आणि मग चष्मा हातात घेऊन रडायलाच लागला. बाईंनी त्याला रडू दिलं. नंतर त्यानं जे सांगितलं ते असं. सामान न्यायला म्हणून ती आली होती. बाहेरच्या माणसाला काळोख्या खोलीत न्यायला परवानगी नसते. तरी त्यानं नेलं. तो कुठे बसायचा, एवढंच तिला बघायचं होतं. तिनं अ‍ॅप्रन मांडीवर घेतला आणि पिशवीतून सुई काढली. ते त्याला बघवेना, म्हणून तो बाहेर जाऊन व्हरांड्यात उभा राहिला. तासाभरानं परतला तर खिडकीवरचा काळा पडदा बाजूला सारलेला होता, डबा बंद होता आणि ती हसत होती.

"सात आठवड्यांत पहिल्यांदा हसली असेल, बाई. मला म्हणाली, पाहिलं रे मी, त्यानं काय केलं ते. आणि माझ्या तोंडावरून हात फिरवला."

"तुला तेव्हाच कळलं."

"लगेच."

"आणि तू ठरवलंस, की आळ आला तर आपण घ्यायचा."

"मग काय करू? तिला सांगू? काकू, तुमच्या मुलाची पाच वर्षं तुम्ही दहा मिनिटांत जाळलीत, असं?" त्यानं बाहीनं डोळे पुसले. "आमचा दोन महिने अबोला होता, बाई. तो आजारी पडला त्याच्या आदल्या आठवड्यात मिटला. दोन महिने मी त्याच्याशी बोललो नाही. एवढं तर करू द्या मला."

बाई कठड्याला धरून उठल्या. आईचं नाव घेतलं तर आई मोडणार. नाही घेतलं तर हा. आणि लंबूच्या पदवीचं तर दोन्हीकडून वाटोळंच. सरांना त्यांनी निरोप दिला, की नाव कळलं आहे, बुधवारपर्यंत विचारू नकोस.

६

मंगळवारी सकाळी त्या लंबूच्या आईकडे गेल्या. दोन खोल्यांचं घर, खिडकीशी शिवणयंत्र. येताना रस्ताभर बाईंनी ठरवलं होतं, की नुसतं भेटून यायचं. जन्मभर विद्यार्थ्यांना एकही उत्तर चुकीचं दिलं नव्हतं. आज काही न सांगण्यानं भागलं तर बरं.

आईनं खुर्ची दिली, पाणी दिलं. मुलाच्या कॉलेजातल्या बाई म्हटल्यावर ती आपणहून बोलू लागली. शनिवारी त्याच्या काचा पाहिल्या म्हणाली. "उन्हात धरल्या तर हिरव्या दिसल्या हो. सोनं ना ते? मग हिरवं कसं?"

"सोनं पिवळा उजेड परत धाडतं," बाईंच्या तोंडून सवयीनं निघून गेलं. "फार पातळ केलं की उरलेला पलीकडे जातो. तो हिरवट असतो."

"असं होय." ती समाधानानं मान हलवत राहिली. "तोही असंच सांगायचा, समजेलसं. डबा कुठे, खिडकी कुठे, सगळं मला न बघता पाठ होतं. रोज फोन यायचा. म्हणायचा, आई, काचा बुडवल्यात, आता बोल."

बाईंच्या हातातला पेला तोंडाशीच थांबला.

"बुडवल्यावर फोन करायचा?"

"हो. आणि मग मीच बोलत सुटायचे. आज काय शिवलं, कोण आलं, कुणाचं ब्लाउज बिघडलं. तो नुसता ऐकायचा. मी म्हटलं की चल ठेवते, की म्हणायचा, बरं, मीही काढतो आता."

बुडवली. काढली. दोन शब्दांच्या मधली जागा वहीत कधी भरलीच नव्हती, कारण ती इथं, या शिवणयंत्रापाशी भरली जात होती. रात्रभर नव्हे. एका फोनाएवढी.

आता गप्प बसणं शक्य नव्हतं. बाईंनी पेला खाली ठेवला आणि विचारलं, तुमच्या फोनमध्ये ते जुने कॉल अजून आहेत का? किती वाजता आला, किती वेळ चालला ते?

"आहेत. मी काहीच पुसलेलं नाही. का हो?"

"त्याच्या काचा पुन्हा करायच्या आहेत."

"पण तीन तर तयार आहेत ना? मी पाहिल्या..." ती मध्येच थांबली. ज्या बाईनं आयुष्यभर कापड उन्हात विटताना पाहिलं, तिला पुढचं सांगावं लागलं नाही. तिनं आपले दोन्ही हात समोर धरले आणि त्यांच्याकडे बघत राहिली. बाईंनी सगळं खरं सांगितलं. हळूहळू, काही न गाळता आणि काही न वाढवता.

आईनं हात खाली घेतले आणि विचारलं, "त्या चष्म्याच्या पोरावर आलंय का हे?"

"तुमचं नाव सांगितलं नाही तर उद्या येईल."

"मग सांगा की माझं. त्यात काय विचारायचं?" तिनं उठून फोन आणला, पण हातात घट्ट धरून ठेवला. "बाई, एक सांगाल? म्हणजे तो वेळ काढायला फोन करायचा का मला? काच भिजेपर्यंत?"

चौतीस वर्षांत बाईंना इतका अवघड प्रश्न कुणी विचारला नव्हता. पण याचं उत्तर त्यांना येत होतं.

"त्याच्या टेबलावर गजराचं घड्याळ आहे. वेळच मोजायचा असता तर ते लावलं असतं. त्यानं उलट केलं. तुमचं बोलणं संपेपर्यंत काच थांबवून ठेवली. त्याची काच जमली आणि जगात दुसऱ्या कुणाची जमली नाही, कारण इतका वेळ ऐकून घेणारा तिथं दुसरा कुणी नव्हता."

आईनं पदर डोळ्यांना लावला. मग चष्मा चढवून ती फोन घेऊन बसली. बाईंनी पिशवीतून लंबूच्या वहीची प्रत काढली. बाई तारीख वाचत, आई मिनिटं सांगे. अडतीस. त्रेचाळीस. एकोणचाळीस. डब्यातल्या काचा चाळीस मिनिटांच्याच आसपासच्या होत्या. बाई पेन्सिलीनं प्रत्येक तारखेपुढे आकडा टिपत होत्या.

एका तारखेपाशी बाई अडल्या. वहीत लिहिलं होतं: बुडवली. काढली. मेली. चूक माझी.

आईनं फोन डोळ्यांजवळ नेला. "सहा मिनिटं," ती म्हणाली. "दाराशी गिऱ्हाईक आलं होतं. मीच म्हटलं, ठेव, नंतर बोलू." तिचं बोट पडद्यावर तसंच राहिलं. "त्यानं स्वतःवर घेतलं."

बाईंनी समासात सहा लिहिलं.

"पुढची वाचा," आई म्हणाली. "त्याच दिवशी संध्याकाळी त्यानं परत फोन केला होता. एक्केचाळीस."